वरच्या पाण्याची राखण

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. मासे पकडणारी नव्हे, मासे अडवणारी. मला घडवून झाल्यावर लोहार म्हणाला होता, "हिच्यातून पाणी जाईल, करंगळी जाणार नाही." त्या शब्दांचा मला अजून अभिमान वाटतो.

ओढ्याच्या अरुंद जागी मला बसवलं. माझ्या वरच्या अंगाला इथले मूळचे, काळ्या ठिपक्यांचे मासे राहत. खाली होते बाहेरून आणून सोडलेले लाल पट्ट्याचे मासे. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? पण दोघांची जोडी जमली की पिल्लं ना धड इकडची, ना धड तिकडची होत, आणि हळूहळू ठिपकेवाल्यांचा वंशच पुसला जाई. म्हणून मी मध्ये उभी. राखणदार आप्पा रोज माझ्यात अडकलेला पाचोळा काढत. संध्याकाळी ठिपकेवाले माझ्या गजांवरचं शेवाळ खायला येत. तो इवलासा स्पर्श आठवला की आजही जीव कासावीस होतो.

एका वर्षी आप्पांची थोरली बहीण, अक्का, राहायला आल्या. स्वभावाने फार मायाळू. खालचे मासे माझ्यावर धडका देताना पाहून त्यांना राहवेना. आप्पा जेवायला गेले की त्या तांब्याने एकेक मासा उचलून वर सोडू लागल्या. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

पुढच्या हंगामात वरच्या पाण्यात ठिपके आणि लाल पट्टा एकाच अंगावर दिसू लागले. आप्पांनी माझा गज न् गज चाचपला. "जाळी तर शाबूत आहे," ते हताशपणे म्हणाले.

अक्कांचा चेहरा उतरला. "अरे, मीच सोडले ते. वर जायला तडफडत होते रे."

आप्पा ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहत म्हणाले, "अक्का, अगदी वरच्या डोहात अजून निव्वळ ठिपकेवाले आहेत थोडे. चल, जाळी तिकडे नेऊ."

आता मी त्या डोहाच्या तोंडाशी उभी आहे. पाचोळा अक्काच काढतात. मित्रांनो, कितीही दया आली तरी एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नका. खालून एखादा लाल पट्टा धडकला की अक्कांचा हात अजूनही तांब्याकडे जातो, तिथेच थांबतो, आणि त्या रिकामा तांब्या घेऊन घरी जातात. मी वरच्या बाजूला कान लावून राहते. डोहातले मासे बुजरे आहेत. माझ्या गजांवर आता कुठे शेवाळ धरू लागलं आहे.