डाव्या पायातला मोजा

बाहेर त्याला भयसम्राट म्हणत. घरी ताई अजून भित्र्याच म्हणायची. लहानपणी पाल दिसली की हा पठ्ठ्या तिच्या मागे लपायचा. आता त्याच्या कादंबऱ्यांनी लोकांची झोप उडायची आणि त्या हातोहात खपायच्या. "वाचकाच्या पोटात ढवळलं नाही, तर मी लिहिलं काय?" असं तो मुलाखतींत छाती फुगवून सांगायचा.

त्याची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनातच ताई पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. भावाच्या पुस्तकांना तिने कधी हात लावला नव्हता. त्याच भरवशावर त्याने एकशे बारावं पान लिहिलं होतं.

तिथली रीत अशी, की छपाईआधी एकाने सगळा मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडून पाहायचा आणि लेखकाने समोर बसायचं. आज नेहमीच्या वाचणाऱ्या बाईंचा घसा बसला होता. त्यांच्या खुर्चीत ताई येऊन बसली, तेव्हा तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"ताई, तू कशाला? हे तुझ्यासाठी नाही गं."

"मग मी काय जन्मभर भूमितीच वाचू? गप बस, भित्र्या."

ती एका सुरात वाचत सुटली. करवतीने कापलेली बोटं स्वल्पविराम, सोललेली पाठ पूर्णविराम. आवाज जराही हलत नव्हता. या कामात अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. समोर तपासनीस काकांची पेन्सिल ओळींवरून सरकत होती. एकशे दहा झालं. एकशे अकरा झालं.

"पुढचं पान मी वाचतो," तो घाईघाईने म्हणाला.

"लेखकाने वाचायचं नाही," काका मान वर न करता म्हणाले. "स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत."

"चार वर्षांची मुलगी स्वल्पविराम गच्चीवरच्या टाकीत स्वल्पविराम तिसऱ्या दिवशी सापडली पूर्णविराम."

खरी मुलगी तासाभरातच सापडली होती. ती ताईची मुलगी होती. फुगलेलं अंग, किडे, सगळं त्याने पदरचं घातलं होतं. नाव बदललं, घर बदललं, की झालं, असं त्याला वाटलं होतं. मोजा मात्र त्याच्याने सोडवला नाही. फार परिणामकारक होता तो.

"उजव्या पायात पिवळा मोजा तसाच होता पूर्णविराम."

ताई थांबली.

"काका, पेन्सिल द्या."

तिने एक शब्द खोडला, समासात दुसरा लिहिला.

"उजव्या नाही, डाव्या," ती त्याच सुरात म्हणाली. "उजवा मी घालत होते. ती हसत पाय सोडवून पळाली. तो माझ्या हातातच राहिला."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भयसम्राटाच्या पोटात खरोखरच ढवळून आलं.

"ताई, मी ते पान काढतो. आत्ता काढतो गं."

तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"दुरुस्तीवर लेखकाची सही लागते," ती म्हणाली. "करा सही."

जन्मात पहिल्यांदा ताईने त्याला अहोजाहो केलं होतं.