दाराआडचा वॉकर

माझी थोरली जाऊ सगुणाबाई नागलीचं गाठोडं डोक्यावर घेऊन हरसूलच्या बाजाराला डोंगर उतरायची, तेव्हा मला तिच्यामागे पळावं लागायचं. भाताच्या आवणीत, रोपं लावताना, दिवसभर चिखलात वाकून राहायची आणि संध्याकाळी वर आम्हालाच चिडवायची.

तीच बाई गेल्या थंडीत, पंचवटीत मुलाच्या घरी, न्हाणीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं. व्यायाम शिकवायला सृष्टी नावाची मुलगी यायची. तिने मुलाला, संतोषला, आणि सून स्नेहलला बजावलं होतं, की आता यांना रोज चालवा, दुखलं तरी चालवा. जाऊबाई कधी कुरकुरली नाही. आवणीला आपल्या पायांनी बांधावर जायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला माणसं महिनोन्‌महिने येत राहतात. मामेसासरे पुंजाराम आले, तेव्हा ती वॉकर धरून माठाकडे निघाली होती.

"आता पाणीसुद्धा सासूनंच घ्यायचं का गं?" ते स्नेहलला म्हणाले.

पोर आत जाऊन रडली. तेव्हापासून जिन्यात चपला वाजल्या की वॉकर दाराआड आणि जाऊ पलंगावर. पाहुणे तर रोजचेच. पुढे वॉकर तिथेच राहिला, त्यावर टॉवेल वाळू लागले. मी एकदा विषय काढला, तर संतोष म्हणाला, तिने जन्मभर केलं काकू, आता आम्हाला करू द्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आवणीला गाडी करून गावी गेलो. अंगणात संतोषने तिला अलगद उचललं.

"उतरव बाबा. पाय लागू दे भुईला."

"पडशील आई."

"नाय पडत."

त्याने उतरवलं. ती क्षणभर उभी राहिली. मग गुडघे दुमडले आणि त्यानेच तिला सावरलं. ओट्यावर जमलेल्या बायका म्हणाल्या, लेक असावा तर असा. जाऊबाई दिवसभर ओट्यावरून खाचराकडे बघत राहिली. बायका लावणीची गाणी म्हणत होत्या. तिने एकही ओळ धरली नाही.

निघताना संतोष जवळ आला. तो वाकायच्या आधीच तिने दोन्ही हात वर केले, उचलून घ्यायला.