माझ्यावरचं नाव वाचू नका

मी ट्रम्पेट बोलतोय. माझ्या कर्ण्यावर ‘हॉथॉर्न अँड मार्श, लंडन’ असं झोकात कोरलंय. ते मनावर घेऊ नका. लंडन मी पाहिलेलं नाही.

त्या नावाचा कारखाना एके काळी होता म्हणतात. तिथले कारागीर एकेक कळ हातानं घासून बसवायचे. कारखाना बंद पडला, कारागीर गेले, उरलं नाव. तेही कुणीतरी विकत घेतलं. मग दूरदेशीच्या एका शेडमधून शेकड्यांनी ट्रम्पेट निघू लागले, त्यातला मी एक. यंत्रानं नाव उमटवलं तेव्हा माझ्यातून एक सूरही निघाला नव्हता.

लोणावळ्याच्या अनंतरावांनी, म्हणजे एका निवृत्त इंजिनीअरांनी, मला मोबाईलवर मागवलं. कामशेतच्या अंबाजींच्या बँडला त्यांना आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ भेट द्यायची होती. शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. अनंतराव वीस मिनिटं माझ्या नावाचा इतिहास सांगत होते. फुंकून मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. जाणकार असे असतात!

अंबाजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “आमच्या वस्तादांकडं ह्योच व्हता. काय आवाज!” म्हातारा गहिवरला. इतका वेळ मी माणसांना हसत होतो. तेव्हा पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

मला वाजवायचं होतं त्यांच्या मुलीनं, हिरानं. बँडमधली ती एकटीच बाई. तिनं पडद्यामागं मला फुंकून बघितलं आणि लगेच ओळखलं.

“आबा, ह्याची मधली कळ अडकतीय. मी आपला जुनाच वाजवते.”

“आगं, माणसानं एवढ्या मानानं दिलाय. नाव तरी बघ.”

“नाव फुंकायचंय व्हय?”

पण बापाच्या तोंडाकडं बघून ती मला घेऊन उभी राहिली.

स्वागतगीताच्या तिसऱ्या ओळीला माझी कळ खाली गेली ती वर आलीच नाही. मी मान मुरगळलेल्या बदकासारखा केकाटलो. सभागृह हसलं. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, “बाईमाणसाला कुठून एवढा दम यायचा!” अनंतरावांनी माईक घेतला. “वाद्य जगप्रसिद्ध आहे. सराव कमी पडला असेल.”

हिराचं तोंड लाल झालं. ती स्टेजच्या कडेला बसली, माझी कळ खोलून बाहेर काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्यापुढं धरली. “सर, ही वाकडीय. हात लावून बघा.”

हात लावायचं सोडून अनंतरावांनी माझा कर्णा फिरवला आणि नाव दाखवलं. “अहो, लंडनचं आहे हे!”

अंबाजी उठले. मला कळेसकट उचलून अनंतरावांपुढच्या टेबलावर ठेवलं. “सर, तुमचा मान डोक्यावर. पण माझ्या पोरीला लोक हसले ते ह्याच्यापायी. आमाला न्हाई पायजे.” बापलेक आपला पोचे पडलेला ट्रम्पेट घेऊन निघून गेले.

तेव्हापासून मी शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. शेजारी माझ्या थोर घराण्याची माहिती छापलेली पाटी. मुलामा उडालाय, खाली हिरवं चढलंय. तरी लोक माझ्यासोबत फोटो काढतात.

परवा बाहेरच्या रस्त्यानं वरात चालली होती. पहिल्याच सुराला मी हिराला ओळखलं. काय वाजवत होती! इकडे एक पाहुणे माझी पाटी बायकोला वाचून दाखवत होते, “ओरिजिनल आहे हं हे.” बाहेरचा आवाज फार होतो म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

बाबांनो, एवढे उपकार करा, मला मोडीत घाला. माझ्यात पितळ तेवढं खरं आहे. वितळवून एखादा तांब्या करा. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे. घालणाऱ्याला सांगा: हिरा अंबाजी, कामशेत.