दादाचं ‘चालेल’

दादाची मूठ वळली आणि गॅरेजवरच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं उठून उभी राहिली. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी जिन्यावरच्यांना, आणि जिन्यात चपला राखत बसलेल्या आजीबाईंनी काही न बघताच हात जोडले. अर्धांगवायूने लुळा पडलेला उजवा हात. डॉक्टरांना, व्यायामाला, कशालाच दाद न देणारा. नुसत्या हाताने बरं करतात म्हणून लोक ज्यांना ‘हातवाले बाबा’ म्हणत, त्यांनी त्यावर कोमट तेल चोळलं, आणि बोटं अलगद आत वळली.

“नसांना गाठी पडल्यात,” बाबा म्हणाले. “गोळी रस्ता अडवते. तेल रस्ता मोकळा करतं.” बाबांच्या बोलण्यात रस्ते फार. गृहस्थ नगरपालिकेतून निवृत्त झालाय की काय, असं वाटावं.

मग दादाच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, “गोळ्या सोडायच्या का, बाळा?”

“चालेल,” दादा म्हणाला.

“ऐकलंत? तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय. हा माणूस चालेल.”

हॉल नुसता दणाणला. वहिनी रडता रडता हसत खाली बसली. त्या माणसाचं थोबाड रंगवावं असं मला वाटत होतं, पण वहिनीचा चेहरा बघून माझा हात उठेना. दादा आजारी पडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दादाचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक विचारायचं, “मिक्सर चालेल ना?” आणि दादा मान वर न करता म्हणायचा, “चालेल.” जन्मभर हेच. झटका आला, उजवी बाजू गेली, सगळे शब्द गेले, एवढा एकच मागे राहिला. तहान लागली तरी चालेल, पाठ दुखली तरी चालेल. हे वहिनीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तिने त्या शब्दाचा दुसराच अर्थ ऐकला. तिला तो ऐकायचाच होता.

घरी येऊन तिने गोळ्या फडताळात वर ठेवून दिल्या. मी खूप बोललो. ती शांतपणे म्हणाली, “भाऊजी, तुमचे डॉक्टर ‘बघू’ म्हणतात. हा माणूस ‘होईल’ म्हणतो. मी कुणाचं ऐकू?”



पुढच्या वेळी दादाला व्यायामाला मीच दवाखान्यात घेऊन गेलो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आधी रक्तदाब मोजला, पट्टा काढून ठेवला आणि थेट डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला कोपऱ्यात नेऊन बजावलं की गोळ्या अशाच बंद राहिल्या तर दुसरा झटका कधीही येईल, आणि त्यात माणूस वाचला तरी हा एक शब्दही उरणार नाही.

मी बाईंना मुठीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझाच हात हातात घेतला. “सैल सोडा,” म्हणाल्या, आणि मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला अंगठा दाबला. माझी बोटं आपोआप वळली. मी ती वळवली नव्हती.

“बोटं वळवणाऱ्या दोऱ्या इथून जातात,” त्या म्हणाल्या. “दाबलं की ओढल्या जातात. यात मेंदूचा काही संबंध नाही.”

मालिश बंद करू नका, असंही त्यांनी सांगितलं. मालिशीने ताठरपणा सैलावतो, दुखणं हलकं होतं, झोप लागते, आणि आजारी माणसाला आपलं कुणीतरी आहे हे कळतं. मेंदूतलं गेलेलं मात्र तेलाने परत येत नाही. तेल आधी स्वतःच्या मनगटावर घालून बघायचं, कोपराखाली उशी द्यायची, बोटांकडून खांद्याकडे हलक्या हाताने जायचं. खांदा ओढायचा नाही. पाय सुजून लाल, गरम झाला असेल तर त्याला हातही न लावता डॉक्टर गाठायचा.

वहिनीने यातलं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. म्हणून पुढच्या बैठकीला मीही हॉलवर गेलो. बाबांनी तेलाची वाटी उचलली तसा मी मध्ये घुसलो, वहिनीचा हात धरला आणि सगळ्यांसमोर मनगटावरची तीच जागा दाबली. तिची मूठ वळली. “आता तुम्ही दादाचा दाबा,” मी म्हणालो. तिने दाबला. दादाची मूठ वळली.

बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “भक्ती,” ते म्हणाले. “माझी शक्ती माउलीच्या हातात उतरली.” आणि माणसांनी माना डोलावल्या.

मग माझा तोल गेला. “दादा,” मी विचारलं, “तुझं दुकान जाळून टाकू?”

“चालेल.”

“वहिनीला घराबाहेर काढू?”

“चालेल,” दादा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याला सगळं कळत होतं. बाबांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हाही कळत होतं. नाही म्हणायला त्याच्याजवळ शब्द नव्हता.

कुणी हसलं नाही. वहिनीने पदराने त्याचे डोळे पुसले आणि बाबांकडे वळली. “एकदा हात न लावता वळवून दाखवा,” ती म्हणाली. “एकदाच.”

बाबा रस्त्यांविषयी बोलू लागले. ती थांबून राहिली. दादाचा हात चादरीवर ठेवला होता तसाच पडून होता. जिन्यातल्या आजीबाई तेवढ्यात आत आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, “अहो, वळवा की.” बाबांनी वाटी खाली ठेवली.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. दुसरा झटका अजून आलेला नाही. पण हातही हललेला नाही, आणि दुकानाला कुलूप आहे. खोटी आशा गेली म्हणून खरी येतेच असं नाही. तरी माझं सांगणं एवढंच आहे: आपल्या माणसाला मालिश जरूर करा, रोज करा, पण त्यासाठी औषध सोडायला सांगणारा कुणी भेटला, तर वहिनीने सांगितलं तसं त्याला करून दाखवायला सांगा. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकारावर विसंबू नका.

वहिनी रोज तेल कोमट करते आणि दादाचा हात चोळून देते. मनगटावरची ती जागा मात्र ती टाळून जाते. ती मूठ वळलेली तिला आता बघवत नाही.