मुलीकडची आजी

"हा निर्णय आमचा नाही, कोर्टाचा आहे," क्लेअर म्हणाली. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करणारी ही पोरगी स्वभावाने चांगली होती, म्हणूनच मला जास्त संताप आला. भांडायला समोर कोणी तरी वाईट नको का?

"म्हणजे तक्रार घेणारच नाही तुम्ही?" मी विचारलं. माझी मैत्रीण इरावती शेजारी पर्स मांडीवर धरून बसली होती, कुणाकडे पाहुणी गेल्यासारखी.

"सोशल वर्करने उलट फोन केले नाहीत, त्याची चौकशी करू. पण सियाला दत्तक द्यायचं हे जजनी ठरवलंय. त्यात आम्हाला हात घालता येत नाही."

सिया इरावतीची नात, तीन वर्षांची. बाळंतपणानंतर लेक केतकी मनाने पार ढासळली. जावई नकुलने बाटली जवळ केली. एका सकाळी पोर थंडीत बसस्टॉपवर एकटी सापडली. कौन्सिलने तिला उचललं ते योग्यच केलं, हे इरावतीही मान्य करते. तिचं म्हणणं एवढंच, की मग माझ्याकडे का नाही दिली? आणि खरंच का नाही? जन्मभर स्टॅनमोरच्या शाळेत डिनर लेडी होती ती. दुसऱ्यांच्या पोरांना 'एवढे मटार तरी संपव' म्हणत जेवू घालणारी बाई, तिला नात सांभाळता आली नसती? डोकं फिरतं माझं.

"पण तुम्हाला विचारलं होतं ना, सियाला सांभाळाल का म्हणून?" क्लेअरने इरावतीला विचारलं.

"कोणी विचारलं नाही!" मी उसळले.

"विचारलं होतं गं मधुमती," इरावती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे वळले. "मग काय म्हणालीस तू?"

"म्हटलं, आधी तिच्या बाबांकडच्यांना विचारा. विहीणबाई आहेत नॉटिंगहॅमला. त्यांच्या घराण्यातली पोर. मुलीकडच्यांनी आधी पुढे व्हायचं? बरं दिसतं का?"

"अगं बाई! आणि त्या?"

"नाही म्हणाल्या. गुडघे धरलेत त्यांचे. मला वाटलं, आता परत माझ्याकडे येतील विचारायला."

आपल्याकडे नको नको म्हटलं तरी ताटात पोळी पडते. ह्या लोकांना एकदा नको म्हटलं की ताट उचलतात, हे इतकी वर्षं इथे राहून हिला कळू नये? आणि मी तरी शहाणी, जे आज विचारलं ते तेव्हा का नाही विचारलं?

"आणि कोर्टात?" मी विचारलं.

"केतकीच्या वकिलाने बोलावलं होतं. जजना स्वतः सांगा म्हणाले. पण कोर्टात उभं राहून व्याह्यांना उणं पाडायचं? मला वाटलं, ठरवते ती कौन्सिल, कोर्ट नुसता शिक्का मारतं. म्हणून मी सांभाळायला तयार आहे असं कौन्सिलला नीट लिहून कळवलं."

मी हे सगळं क्लेअरला इंग्रजीत सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "उलट आहे हो," ती म्हणाली. "आम्ही फक्त परवानगी मागतो, द्यायची की नाही ते जज ठरवतात. तुम्ही तयार आहात हे त्यांना कोर्टात त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही वकिलांना भेटा. पण सिया नव्या घरी राहायला गेलीय. आता फार अवघड आहे."

"राहायला गेली?" इरावतीने एवढंच विचारलं. मग म्हणाली, "थँक यू. तुम्हाला उगीच त्रास दिला." मला वाटलं, हिला गदागदा हलवावं. आणि त्याच क्षणी हिला पोटाशी धरून रडावंसंही वाटलं.

क्लेअरच्या खोलीतून बाहेर आलो. मी गाडीची किल्ली शोधत होते, तर इरावती सरळ रिसेप्शनच्या काउंटरपाशी जाऊन उभी. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"एक्स्क्यूज मी. मला माझी नात हवी आहे. मी सांभाळणार तिला. मीच."

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं, "अपॉइंटमेंट आहे का तुमची?"

"नाही."

"मग जरा बसून घ्या."

इरावती जाऊन खुर्चीवर बसली. पदर सारखा केला, पर्स मांडीवर घेतली. "चल," मी म्हटलं, "इथे काही होणार नाही आता."

"बसायला सांगितलंय ना तिने," ती म्हणाली.

मी किल्ली पिशवीत टाकली आणि तिच्या शेजारी बसले.