गोडीतला रंग

माझा संशय पहिल्या दिवसापासून हॉटेलवाल्यावर. माणूस नको इतका गोड बोलतो.

काचेच्या तळाच्या बोटीतून मी पाहुण्यांना प्रवाळ दाखवतो. घर त्यावरच चालतं. पण दोन वर्षांत प्रवाळावर असं शेवाळ चढलं की पाहुणे विचारतात, "हेच बघायचं का?" जिवाला लागतं हो!

सर्वांत वाईट दशा गोडीजवळ. गोडी म्हणजे समुद्रतळातली भेग. तिथून गोडं पाणी उसळतं. पूर्वी बाबा बुडी मारून बाटली भरून आणायचे, आता मी आणतो. दुसऱ्या पाण्याने त्यांची तहानच भागत नाही. "समुद्राची देणगी आहे," म्हणतात. हल्ली त्यांचं पोट सारखं बिघडतं. त्याचा ठपका मी बायकोच्या स्वयंपाकावर ठेवून मोकळा झालो होतो.

मग पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "हे शेवाळ मैलापाण्यावर पोसतं. शौचालयांच्या खड्ड्यांत रंग टाकू आणि समुद्रात निघतो का बघू. तुमच्याकडेही टाकते."

"टाका की! आमचा खड्डा वर टेकडीवर, समुद्र कुठे!" पाहुण्यांसाठी सहा खोल्या आम्ही तिथेच बांधल्या, दोन वर्षांपूर्वी. "पण रंग वेगवेगळे हवेत, बाई. नाहीतर तो हॉटेलवाला आमच्या नावावर बिल फाडेल."

बाई हसल्या. हॉटेलला लाल, आम्हाला हिरवा. दोन्हीकडे मी जातीने उभा राहिलो. बाईंचाही काय भरवसा, हॉटेलात चहा प्यायल्या होत्या.

मी रोज बुडी मारून लाल रंगाची वाट पाहत होतो. अकराव्या दिवशी गोडीतलं पाणी हिरवट दिसलं. शेवाळाची छाया असेल, असं मी स्वतःला समजावलं. बाटली भरली, वर आलो, उन्हात धरली.

हिरवीगार.

टेकडीवरचं पाणी जमिनीखालून थेट इथे येत होतं, आणि आम्ही त्याला समुद्राची देणगी म्हणत होतो.

बोटीत बसलेल्या बाबांनी सवयीने हात पुढे केला. मी बाटली पाठीमागे लपवली.

"काय रे, त्या हॉटेलवाल्याने विष कालवलं की काय?"

"त्याने नाही, बाबा. हे आपल्या सहा खोल्यांचं आहे."

बाबांचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून?"

दोन वर्षं रोज मीच भरून देत होतो.