दौऱ्याचं शेपूट

दौरेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. महिन्यातला निम्मा काळ माणूस बॅग घेऊन फिरताना दिसे, म्हणून कंपनीत कुणीतरी हे नाव ठेवलं. पुढं ते शेजाऱ्यांनी उचललं आणि शेवटी सासुरवाडीनंही. कंपनी पुड्या भरून सील करणारी मशीनं बनवायची आणि दौरेकर ती देशोदेशीच्या कारखान्यांत बसवून, चालू करून द्यायचे. माणूस कामाला चोख. खोड एकच. दौऱ्याला शेपूट लावायची.

शेपूट म्हणजे असं. काम शुक्रवारी आटपेल अशा बेतानं निघायचं. मग साहेबांना फोन करायचा, "गिऱ्हाईक म्हणतंय, दोन दिवस थांबा, मशीन तुमच्या नजरेखाली चालू दे." साहेब म्हणणार, "थांबा मग." पुढं दोन दिवस मशीन कारखान्यात आणि दौरेकर डोंगरावर, नाहीतर समुद्रावर. यात कुणाचंच नुकसान नाही असं दौरेकरांचं मत होतं, आणि त्यांनी ते कुणापुढं मांडलंच नसल्यामुळं ते आजवर कुणी खोडून काढलेलं नव्हतं.

घरी मात्र ते दौऱ्याचं असं वर्णन करत की दगडाला पाझर फुटावा. "कसला परदेश अन् कसलं काय! विमानतळ, हॉटेल, कारखाना. खोलीची खिडकी उघडायला फुरसत मिळत नाही." हे ऐकून बायको त्यांच्या तळपायांना तेल चोळायला बसायची. एकदा त्यांचा रापलेला चेहरा बघून ती म्हणाली, "उन्हातच बसवतात की काय हो मशीन?"

"पत्र्याचं छप्पर असतं," दौरेकर म्हणाले.

पत्र्याखाली नाकाचा शेंडाच तेवढा कसा भाजून निघतो, हे तिनं विचारलं नाही. ती चांगल्या घरातली होती.

मग मुलीचं लग्न झालं. घर रिकामं झालं. एका सकाळी बॅग भरून देताना बायको म्हणाली, "एकदा मला घेऊन चला. फिरवू नका कुठं, तुम्हाला कुठला वेळ? तुमची खोली आवरून देईन, वेळेवर जेवायला लावीन. एवढे हाल काढता, कुणी बघायला तरी हवं."

हे वाक्य दौरेकरांच्या मर्मी लागलं. चोराला घरमालकानं पाणी विचारावं तसं त्यांना झालं. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, या खेपेचं शेपूट हिच्यासाठी. "यंदा साहेबांनी दोन दिवस सुट्टी दिलीय. काम झालं की समुद्रावर जाऊ," त्यांनी सांगून टाकलं. आणि साहेबांना सांगितलं, गिऱ्हाईक थांबा म्हणतंय.

बायकोनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं मोठ्या काठाची उन्हाची टोपी आणली आणि घरात ती घालून भांडी घासून पाहिली, वाऱ्यात टिकेल का म्हणून. भांडी घासताना वारा सुटत नाही, पण हौसेला मोल नसतं.

कारखाना कपडे धुण्याच्या पावडरचा होता. मॅनेजर हळू बोलणारा, हसताना डोळे मिटून घेणारा सद्गृहस्थ. त्याचं आणि दौरेकरांचं दोघांचंही इंग्रजी बेताचंच, त्यामुळं कुणाला आडवळणानं बोलता येत नसे. शुक्रवारी दुपारी मशीन धडाधड पुड्या टाकू लागलं. दौरेकरांनी हात पुसले, निरोपासाठी पुढं केले.

"उद्या आठला गाडी पाठवतो," मॅनेजर म्हणाला.

"उद्या?"

"तुमच्या साहेबांचा फोन होता. तुमच्या विनंतीला मान देऊन आमचा माणूस शनिवार-रविवार ठेवतोय, म्हणाले. मी आभार मानले."

साहेब नवे होते. गिऱ्हाइकाशी जिव्हाळ्याचे संबंध कसे ठेवावेत, या विषयावरच्या शिबिराला नुकतेच जाऊन आले होते.

"पण तुम्हाला सुट्टी असेल ना?" दौरेकरांनी चाचरत विचारलं.

"होती. सगळ्यांना निरोप दिलेत. येतील."

या ठिकाणी एक खरं वाक्य सहज मावलं असतं. दौरेकरांनी तोंड उघडलंही. पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघालं, "आठला उशीर होईल. साडेसातला पाठवा."

हॉटेलात बायको टोपी घालून पलंगावर बसली होती.

"अगं, मशीननं घात केला."

"आता काय झालं मेल्याला?"

"उद्या कळेल," दौरेकर म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे एकमेव खरं विधान.

तिनं टोपी काढून कपाटावर ठेवली. "जाऊ द्या. काम आधी. मी बसेन खोलीत. तुम्ही इतकी वर्षं बसलात, मलाही एकदा कळू दे." आणि ती उठून त्यांचा शर्ट इस्त्री करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरची बायको मुलीला घेऊन हॉटेलवर आली. पाहुणीला एकटीला खोलीत कसं ठेवायचं? समुद्रावर नेते म्हणाली. इकडं कारखान्यात कामगार सुट्टीच्या कपड्यांवरच मशीनभोवती उभे होते. मशीन इतकं सुरळीत चाललं होतं, की त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटावी.

"काय बघायचं राहिलंय?" मॅनेजरनं अदबीनं विचारलं.

काहीतरी राहिलेलं असणं आता भाग होतं. मशीनला एक डोळा असतो. प्लॅस्टिकच्या गुंडाळीवर छापलेली काळी रेघ तो बघतो आणि पुडी कुठं कापायची ते ठरतं. सगळ्यांची पाठ वळल्यावर दौरेकरांनी तो डोळा बोटानं किंचित सरकवला. पुडीवर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. पुढच्या पुडीत तिचं डोकं गेलं, त्यापुढच्या पुड्या फाटून आल्या आणि पावडरचे लोट उठले. सुट्टीच्या कपड्यांतली सगळी मंडळी शिंकायला लागली.

"हं! मला संशय होताच," दौरेकर म्हणाले आणि डोळा जागेवर आणायला गेले. स्क्रूचे आटे गेले. मग डोळा जागेवर राहीना. संध्याकाळपर्यंत बाईला डोकं आलं की पाय जात, आणि पाय आले की डोकं.

"बरं झालं तुम्ही थांबलात," मॅनेजर भुवयांवरची पावडर झटकत म्हणाला.

हॉटेलात परतले तेव्हा बायको खुर्चीत बसून चपलांतली वाळू झटकत होती.

"कसा होता समुद्र?"

"मोठा."

तिनं दुसरी चप्पल झटकली. मग म्हणाली, "ती पोर यंदा पोहायला शिकलीय. आज बापाला दाखवणार होती. सारखी पाण्यात जायची, बाहेर येऊन रस्त्याकडं बघायची. मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंन, मशीन बरं झालं का? मी म्हटलं, होईल हो बाळा, बिघडलंय ना. तर तिची आई म्हणते, नाही नाही, बिघडलं कुठं? हे तर म्हणाले, उत्तम चाललंय. तुमच्या साहेबांचा फोन आला म्हणून यांना जावं लागलं."

दौरेकर बुटाची नाडी सोडत होते. ती सुटून झाली होती, तरी सोडत होते.

"तुम्ही तर म्हणाला होतात, साहेबांनी सुट्टी दिलीय."

"अगं, त्याचं असं झालं—"

"इथल्या कारखान्याला पत्र्याचं छप्पर आहे?"

दौरेकरांना वाटलं, भूमी दुभंगावी. पण ते तिसऱ्या मजल्यावर होते.

"नाही. स्लॅब आहे."

"आणि बाकीच्या कारखान्यांना?"

दौरेकरांनी बूट पलंगाखाली सरकवला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्वतःच्या तळहातांकडं बघत म्हणाली, "मी तेल चोळत होते हो तुमच्या पायांना."

रविवारी सकाळी गाडी आली तेव्हा ती न विचारता आधी जाऊन बसली. कारखान्यात तिला खुर्ची दिली. दौरेकरांनी नवा स्क्रू लावला, डोळा बसवला. बाई डोक्यापासून पायापर्यंत अखंड बाहेर पडू लागली. मग त्यांनी खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची हलली नाही.

"मशीन काल बिघडलेलं नव्हतं," ते मॅनेजरला म्हणाले. "मी बिघडवलं. आणि तुम्ही मला थांबायला सांगितलंही नव्हतं."

"ते मला माहीत होतं," मॅनेजर म्हणाला. "मीच सांगितलं नव्हतं, त्यामुळं."

दौरेकर त्याच्याकडं बघत राहिले. जगात एकाच माणसाला ही थाप पहिल्या दिवसापासून कळणार होती, आणि नेमक्या त्याच माणसानं आपल्यावर विश्वास ठेवला असं ते धरून चालले होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या साहेबांपुढं तुम्हाला खोटं पाडायचं? वाटलं, काही अडचण असेल." तो हसला, पण या वेळी डोळे उघडेच होते. "बिघडवल्याचं मात्र माहीत नव्हतं."

"त्यांनाही सांगा," मागून बायको म्हणाली. तिनं कामगारांकडं बोट केलं.

दौरेकरांनी सांगितलं. मॅनेजरनं ते आपल्या भाषेत केलं, दोन-चार शब्दांतच. एवढ्याच शब्दांत आपण मावलो याचंच दौरेकरांना वाईट वाटलं. कुणी हसलं नाही. एकानं त्यांना चहा आणून दिला. दौरेकरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"अजून अर्धा दिवस हातात आहे," मॅनेजर म्हणाला. "चला, सगळेच समुद्रावर जाऊ."

"नको भाऊ," बायको म्हणाली. "पोरीला तुम्ही एकटे बघा. आम्हाला हॉटेलवर सोडा."

खोलीत आल्यावर दौरेकरांनी खिडकी उघडली. समोर स्वयंपाकघराचं धुराडं होतं. विमानतळ, हॉटेल, कारखाना. आयुष्यभर वर्णन केलेला दौरा अखेर त्यांच्या वाट्याला आला होता.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, हे दोन दिवस माझ्या रजेत धरा."

"रजा कसली?" साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आत्ताच मॅनेजरचा फोन होता. म्हणाले, तुम्ही होतात म्हणून आज मशीन चालू झालं! वा, दौरेकर!"

दौरेकर थांबले. सुटकेचं दार पुन्हा उघडलं होतं. उघडणाऱ्यानं चांगल्या मनानंच उघडलं होतं, आणि बाहेर पडायला काही कष्ट नव्हते.

"पुढं बोला," बायको म्हणाली.

ते बोलू लागले. सुरुवात या दौऱ्यापासून केली आणि मागं मागं जात राहिले. पलीकडचा आवाज हळूहळू खोलीत ऐकू येईनासा झाला. बायकोनं बॅगेतून तेलाची बाटली काढली, पलंगाच्या कडेला बसली, आणि वाळूनं खरखरलेल्या स्वतःच्या तळपायांना तेल चोळू लागली.